६१७४ : कापरेकर स्थिरांकाची उपपत्ती

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे नाशिकजवळील देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात अध्यापन करीत होते. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाने १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. त्यांच्या कार्याची गणना बराच काळ मनोरंजनातच होत राहिली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात दखल घेतल्यावर ते जगभर पोहोचले. मनोरंजनाचा हा शिक्का कितपत योग्य आहे, हे संख्येच्या उपपत्तीवरूनच पाहणे इष्ट ठरेल.

कृती सोपी आहे. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीस ६१७४ मिळते. सातहून अधिक पायऱ्या कधीच लागत नाहीत.

प्रत्येक फरकास ९ ने निःशेष भाग जातो, एवढेच कारण वर्गात पुष्कळदा सांगितले जाते. ते अपुरे आहे. दोन अंकी संख्यांतही फरक ९ च्या पटीतच असतो, तरी तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र सुरू होते. स्थिर संख्या मिळतच नाही.

खरे कारण फरकाच्या रचनेत आहे. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानल्यास फरक ९९९(अ−ड) + ९०(ब−क) इतका येतो. म्हणजे चार अंकांऐवजी केवळ अ−ड = क्ष आणि ब−क = य या दोनच राशी महत्त्वाच्या ठरतात. क्ष १ ते ९ आणि य ० ते क्ष असल्याने एकूण ५४ जोड्या होतात. हजारो संख्यांची पडताळणी अशा रीतीने एका कागदावर मावते. य शून्य नसेल तर फरकाचे अंक अनुक्रमे क्ष, य−१, ९−य आणि १०−क्ष असतात. य शून्य असता ते क्ष−१, ९, ९ आणि १०−क्ष होतात. संख्या स्थिर राहण्यासाठी या अंकांपासून पुन्हा तेच क्ष आणि य मिळावे लागतात. ही अट केवळ क्ष = ६, य = २ येथे पूर्ण होते : ५९९४ + १८० = ६१७४. मात्र स्थिर संख्या एकच असणे म्हणजे चक्र नसणे नव्हे. उरलेल्या ५३ जोड्यांचा माग काढल्यावरच सर्व वाटा येथे मिळतात हे सिद्ध होते.

आरंभीचे शून्य गाळू नये, ही अट लोकप्रिय लेखनात हमखास विसरली जाते. २१११ − १११२ = ०९९९; येथे शून्य गाळले तर ९९९ − ९९९ = ० होऊन प्रक्रिया थांबते. ते राखल्यास ८९९१, ८०८२, ८५३२ या मार्गाने ६१७४ येते.

तीन अंकी संख्यांत ४९५ हा असाच स्थिरांक आहे. पाच अंकांत मात्र एकही नाही, केवळ चक्रे आहेत.

६१७४ चे अवयव २ × ३² × ७³ असून ती १८³ + १८² + १८ इतकी आहे. अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागल्यास ३४३. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने विभाज्य अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले होते.