सुटीची बेगमी

फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नाहीत, आणि मी मात्र मे महिन्याच्या गोष्टी काढून बसले आहे, हे पाहून वाचकांना थोडे नवल वाटेल. परंतु पुस्तकांचे गणित पापड-कुरडयांच्या अगदी उलट आहे. पापड-कुरडया उन्हाळ्यात करून ठेवायच्या आणि वर्षभर खायच्या. उन्हाळ्याच्या सुटीतली पुस्तके मात्र वर्षभर थोडीथोडी जमवावी लागतात, तेव्हा कुठे ती सुटीला पुरतात. दिवाळीत हातात चार पैसे असतात, पुढे थंडीत गावोगाव ग्रंथप्रदर्शने भरतात. तेव्हा बेगमीला हाच मुहूर्त बरा.

बहुतेक घरांत काय होते ते सर्वांनाच ठाऊक आहे. परीक्षा संपते. पहिले दोन दिवस मुले घर डोक्यावर घेतात, तिसऱ्या दिवशी ‘आता काय करू?’ हा प्रश्न सुरू होतो, आणि चौथ्या दिवशी हातात मोबाइल जातो. मग रविवारी वडील घाईघाईने पुस्तकांच्या दुकानात शिरतात आणि ‘सहावीतल्या मुलाला चालेल असे काहीतरी द्या’ म्हणून सांगतात. दुकानदार बिचारा काय करणार? त्याने मुलाला पाहिलेलेही नसते. तो एका थोर पुरुषाचे चरित्र, एक बोधकथांचा संग्रह आणि एक सामान्यज्ञानाचे पुस्तक बांधून देतो. जूनमध्ये ही तिन्ही पुस्तके कोरीच्या कोरी कपाटात जातात, आणि घरातून निकाल बाहेर पडतो : ‘आमच्या मुलाला वाचनाची आवडच नाही.’ आरोपीची बाजू ऐकून न घेता लागलेला हा निकाल मला कधीच पटलेला नाही.

मी येथे पाचवी ते सातवीच्या मुलांविषयीच लिहिते आहे. त्याआधी मुलांना गोष्टी आपण सांगतो. आठवीपासून शिकवणीचे वर्ग त्यांचा ताबा घेतात. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्या मोजल्या तर फार तर तीन. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. दरवर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात विचारते, ‘शाळेने सांगितले नसताना तुम्ही आपणहून वाचलेले शेवटचे मराठी पुस्तक कोणते?’ बरीच मुले माना खाली घालतात. जी सांगतात त्यांना खोदून विचारले, तर धागा बहुधा दहाव्या-बाराव्या वर्षाशी जाऊन पोचतो : आजोळचे एखादे कपाट, एखादी सुटी, फाटलेले एखादे पुस्तक. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. पण कायद्याने भाषा वर्गात येते. उन्हाळ्याच्या दुपारी पालथे पडून वाचण्यात ती येते की नाही, हे घरावर अवलंबून असते.

आता पुस्तक निवडताना आपण पहिली चूक कोणती करतो? पुस्तकाकडे औषध म्हणून पाहतो. ‘मॅडम, मुलाला काहीतरी संस्काराचं सांगा’, अशी मागणी माझ्याकडे नेहमी येते, आणि मागणाऱ्याच्या मनात बहुधा ‘श्यामची आई’ असते. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते मोठे पुस्तक आहे याविषयी वाद नाही. पण ‘बघ, तो श्याम कसा आईचं ऐकत होता’ असे म्हणून ते हाती ठेवले, की मूल सावध होते. मौज अशी की, पुस्तकातला श्याम हा मुळी शहाणा मुलगा नाहीच! तो हट्ट करतो, पोहायला जायच्या भीतीने लपून बसतो आणि आईचा मार खातो. मुलांना जवळचा वाटतो तो हा श्याम. शिवाय या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे एकेक रात्र आहे. ते एका रात्री एक, असे मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच जणू लिहिले आहे. त्यातले कोकणातले घर, विहीर, पत्रावळी हे सारे आजच्या मुलांना परके आहे, म्हणून शेजारी सांगणारे माणूस हवे. आई, आजी किंवा आजोबा यांपैकी कोणीही चालेल. एकट्याने वाचायला मात्र दुसरे पुस्तक द्यावे.

त्या दुसऱ्या पुस्तकाचे नाव घ्यायला मला फार विचार करावा लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि सायकलवरून संकटांच्या मागे लागतो. एका पुस्तकावर मन भरले नाही तर पुढची तयार आहेत, आणि या वयाला मालिकेसारखे दुसरे आमिष नाही. पहिले पुस्तक आपण द्यावे, दुसरे मूल आपणहून मागते. त्या गोष्टींतले पुणे आता राहिलेले नाही, ही अडचण मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक जाणवते. आमच्या शेजारच्या सहावीतल्या मुलाला मी अर्धवट टाकलेल्या प्रकरणाविषयी विचारले, तर तो घाबरून म्हणाला, “मावशी, पुढे काय होतं ते सांगू नका हं!” त्याला टांगा माहीत नव्हता, पण त्यावाचून त्याचे काही अडले नव्हते.

ना. धो. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ याच वयाचा. मात्र त्यात साहसापेक्षा घर अधिक आहे, आणि एकेक प्रकरण स्वतंत्र गोष्टीसारखे वाचता येते. ज्या मुलाला जाड पुस्तकाची धास्ती वाटते, त्याला हे फार सोयीचे पडते. मुंबईच्या मुलांना दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आपल्याच इमारतीतला वाटेल. ‘किशोर’चे अंक तर कोणत्याही सुटीत चालतात. बालभारतीने हे मासिक १९७१ साली सुरू केले, आणि त्याचे जुने अंक आता संगणकावरही फुकट वाचायला मिळतात. पण मला विचाराल तर जुन्या बाजारातून आणलेला कागदी गठ्ठाच बरा. तो पंख्याखाली फडफडतो, आणि त्यात वाचणाऱ्याला मध्येच दुसरे काही खुणावत नाही.

परभाषेतल्या गोष्टी द्यायच्या असतील, तर मराठीची शिक्षिका म्हणून एक खूण सांगते. पुस्तक उघडून अनुवादकाचे नाव पाहावे. दुकानांत आणि रस्त्यावर गुळगुळीत मुखपृष्ठाची ‘संक्षिप्त’ पुस्तके ढिगाने मिळतात. त्यांतल्या पुष्कळांवर अनुवादकाचे नावच नसते, आणि आतल्या वाक्यांवरून त्याचे कारणही कळते. कथानकाचा सांगाडा तेवढा उरलेला असतो. याउलट ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांवरून भागवतांनी केलेले ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ किंवा ‘चंद्रावर स्वारी’ वाचून पाहावे. तिथे मराठी माणूस मराठीत गोष्ट सांगत असतो.

अशाच अनुवादांतले ‘तोत्तोचान’ प्रत्येक घरात असावे असे मला वाटते. तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंनी आपल्या लहानपणाच्या शाळेची ही हकीकत सांगितली आहे. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ती मराठीत आणली आणि नॅशनल बुक ट्रस्टने ती थोडक्या किमतीत दिली. खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते म्हणून पहिलीतच शाळेतून काढलेली ही मुलगी रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत येते, आणि तिथले मुख्याध्यापक पहिल्या दिवशी चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. चार तास! हे पान वाचताना मुले हसतात आणि पालक जरा गप्प होतात. हे पुस्तक मुलग्यांनाही द्यावे, हे मुद्दाम सांगते. आपल्याकडच्या साहसकथांचे नायक बहुतेक मुलगे आहेत. मुली ते आनंदाने वाचतात. पण मुलीची गोष्ट मुलाच्या हाती देताना आपणच का बिचकतो, कोण जाणे. ताम्हनकरांनी ‘गोट्या’प्रमाणे ‘चिंगी’ही लिहिली होती, हे किती घरांत ठाऊक आहे?

विज्ञानाची ओढ असलेल्या सातवीतल्या मुलाला जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’ द्यावी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्याच नावाची आद्याक्षरे उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रतही पत्नीकडून करून घेतली. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ही हकीकत आधी सांगून मग पुस्तक दिले, तर मुले ती कथा प्रथम शोधतात, असा माझा अनुभव आहे.

परंतु हे सारे झाले नीट मराठी वाचता येणाऱ्या मुलांविषयी. आज शहरांतल्या आपल्यासारख्या कुटुंबांत खरी अडचण निराळीच आहे. मूल इंग्रजी माध्यमात शिकते. ते घरी मराठी बोलते आणि तीनशे पानांची इंग्रजी कादंबरी दोन दिवसांत संपवते. पण मराठी पुस्तक उघडले की बोट ठेवून जोडाक्षरे लावू लागते. त्याचे मन बारा वर्षांचे असते आणि मराठी वाचन दुसरीतले. वयाप्रमाणे पुस्तक द्यावे तर झेपत नाही, वाचनाप्रमाणे द्यावे तर चिमणी-कावळ्याची गोष्ट पाहून ते अपमानाने लाल होते. आणि मग आपणच म्हणतो, जाऊ दे, इंग्रजी तरी वाचतो आहे ना! येथे मराठी सुटते, आणि सुटली ती बहुधा कायमची.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे नाटक. रत्नाकर मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ किंवा पु. लं.चे ‘वयम् मोठम् खोटम्’ यांसारखी बालनाट्ये आणावीत आणि चार जणांनी भूमिका वाटून घेऊन वाचावीत. संवाद लहान असतात, भाषा बोलण्यातली असते, आणि ती तर मुलाला येतेच. अडते ते फक्त लिपीशी. आपली पाळी येईपर्यंत पुढचे वाक्य मनात लावून ठेवता येते, त्यामुळे अडखळण्याची लाज वाटत नाही. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण पूर्वी रंगभूमीवर दिलीप प्रभावळकर करीत असत, आणि २०१८ साली नाटक पुन्हा आले तेव्हा ती वैभव मांगले यांनी केली, तेव्हा घरातल्या एखाद्या काकांनी ती करायला लाजू नये. आठ-दहा दुपारी असे वाचन झाले की जोडाक्षरे बोट न ठेवता सुटू लागतात. मग माधुरी पुरंदरे यांची पुस्तके द्यावीत. त्या स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. मजकूर थोडा असला तरी मुलाला लहान समजून लिहिलेला नसतो. कविता हवी असेल तर विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ आहे. १९६३ साली निघालेले हे पुस्तक अजून शिळे झालेले नाही.

पुस्तक पेलेल की नाही याची चाचणी दुकानातच घेता येते. मधले एखादे पान उघडून मुलाला मनातल्या मनात वाचू द्यावे, आणि शब्द अडला की एक बोट मिटायला सांगावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक आपण वाचून दाखवण्याचे. एक-दोनच मिटली, तर ते त्याचे. पहिले पान मात्र चाचणीला घेऊ नये, कारण तिथे सर्वच लेखक जपून लिहितात. आणि निवड शेवटी मुलाचीच असू द्यावी. चार पुस्तकांपैकी एक आपल्या मनाचे, तीन त्याच्या. त्या तिनांत एखादे भुताचे किंवा चित्रकथांचे निघाले तरी नाक मुरडू नये. एकच पुस्तक तो पाचव्यांदा वाचीत असेल, तर वाचू द्यावे. आपणही जुने गाणे पुन्हा ऐकतोच. वाचून झाल्यावर ‘सारांश लिही पाहू’ एवढे मात्र कोणी म्हणू नये. सुटीत शाळा भरवायची असेल तर पुस्तके आणण्याचा खर्च तरी कशाला?

खर्चाचे म्हणाल, तर पंधरा-वीस पुस्तके विकत घेणे सर्वांना परवडत नाही, आणि तशी जरुरीही नाही. मे महिन्यात महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून भिलारला एक दिवस द्यावा. २०१७ च्या मे महिन्यापासून हे स्ट्रॉबेरीचे गाव पुस्तकांचे गाव झाले आहे; तिथे घराघरांत पुस्तके मांडली आहेत आणि कितीही वेळ बसून वाचले तरी कोणी उठवीत नाही. घरी राहणाऱ्यांना आपल्या गावचे वाचनालय आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. लहान गावांतही एखादे जुने नगरवाचनालय असतेच. वर्गणी मुलाच्या स्वतःच्या नावाने भरावी, अर्जावर सही त्यालाच करू द्यावी, आणि पुस्तक बदलायला त्यालाच पाठवावे. फक्त अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावा. मे महिन्यात फास्टर फेणे फडताळावर सापडत नाही; तो कोणाच्या तरी घरी गेलेला असतो.