श्वासाकडे लक्ष, माणसाकडे लक्ष

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या दवाखान्यात एका ठराविक प्रकारचा पेशंट हमखास येतो. बारावीची मुलगी. रिक्षातून तिला दोघे-तिघे धरून आणतात. श्वास भराभर चाललेला, ओठांभोवती मुंग्या, हातांची बोटे आखडून एकमेकांना चिकटलेली. आई रडत असते आणि बरोबरची आत्या ‘बाहेरचं काही असेल का हो?’ असे हळूच विचारते. तपासावे तर छाती स्वच्छ, नाडी जलद पण नियमित, साखर ठीक.

बाहेरचे काही नसते. परीक्षेच्या धास्तीने मुलगी अर्धा-पाऊण तास गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असते. आपल्याला वाटते, जास्त श्वास म्हणजे जास्त प्राणवायू, म्हणजे चांगलेच. पण अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. त्याने रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल बिघडतो, कॅल्शियमचे काम विस्कळीत होते आणि मुंग्या येऊन बोटे आखडतात. ती आखडली की मुलगी आणखी घाबरते आणि आणखी जोरात श्वास घेते. पूर्वी अशा वेळी तोंडावर कागदी पिशवी धरायला सांगत. आता ते सांगत नाहीत, कारण दमा किंवा हृदयविकाराचा पेशंट चुकून या प्रकारातला समजला गेला तर पिशवी जिवावर बेतू शकते. म्हणून आधी तपासणी, मग बाकीचे.

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसतो आणि सांगतो, “बाळ, श्वास घ्यायचा विचार करू नकोस. फक्त सोड. हळूहळू सोड.” माझाही श्वास तिला ऐकू जाईल असा सोडतो. दहा-पंधरा मिनिटांत बोटे सैल होतात. नातेवाईक मात्र थोडे हिरमुसतात. “सलाईन नाही लावणार, डॉक्टर?”

या मुलीला जे ठळकपणे होते, ते आपल्या सगळ्यांना थोडे थोडे रोज होत असते. बँकेच्या रांगेत कुणी मध्ये घुसले, मुलाने गुणपत्रिका लपवली, साहेबांनी चारचौघांत बोलून घेतले, की श्वास वर छातीत येतो आणि उथळ होतो. विश्रांतीत मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. हृदय, आतडी, घाम यांवर आपला थेट हुकूम चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवले तर आपल्या म्हणण्याप्रमाणेही चालतो. आतल्या कारभारात शिरायचा आपल्या हातातला हा एकच सोपा दरवाजा आहे.

खात्री करायची असेल तर वाचता वाचता मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहा. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. तरुण माणसात हे सहज कळते, आमच्या वयाच्यांना जरा लक्ष द्यावे लागते. मेंदूतून निघून हृदयाकडे आणि पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हे मंदावण्याचे काम करते. म्हणजे सोडण्याचा श्वास लांबवला की हृदयाला ‘सावकाश’ असा निरोप जातो. लोक ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणतात. मी म्हणतो, घेण्यापेक्षा सोडण्याकडे बघा.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. इटलीतील काही डॉक्टरांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी निरोगी माणसांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि एक तिबेटी मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली. याच गतीला हृदयाचा आणि रक्तदाबाचा ताल एकमेकांशी चांगला जुळतो. आमची आजी संध्याकाळी देवापुढे माळ घेऊन बसायची आणि उठली की सुनेवरचा सकाळचा राग विसरलेली असायची. तेव्हा आम्ही ते देवाच्या खात्यावर टाकले. देवाचा वाटा असेलही, पण श्वासाचाही होता, आणि वसईतल्या एखाद्या ख्रिस्ती आजीच्या रोझरीतही तो तितकाच असणार.

आपल्याकडे हे प्रयोगशाळेत तपासण्याची सुरुवात पुष्कळ आधी झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले, तेच मुळी योगक्रियांची मोजमापे घ्यावीत म्हणून. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. तिकडे त्याला ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. आपण सजगता म्हणू. साध्या भाषेत, शरीर जिथे आहे तिथेच मनानेही असणे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालू आहेत. त्या दहा दिवसांतले पहिले तीन दिवस साधक नुसता नाकातून येणारा-जाणारा श्वास बघत असतो, त्याला आनापान म्हणतात. श्वास बदलायचा नाही, फक्त पाहायचा. मन पळाले तर न चिडता परत आणायचे. हे ‘न चिडता’ महत्त्वाचे, कारण स्वतःच्या भरकटणाऱ्या मनावर जो चिडत नाही, त्याला दुसऱ्याच्या भरकटणाऱ्या बोलण्यावर न चिडणे थोडे सोपे जाते.

हे शहाणपण मला उशिरा सुचले. त्याचा किस्सा सांगतो. माझ्या नावलौकिकाला तो शोभणारा नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस म्हणजे आमच्याकडे सत्तर-ऐंशी पेशंट. जवळच्या एका खेड्यातले एक आजोबा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आले. तक्रार तीच. डोकं जड, जेवण जात नाही, झोप नाही. पहिल्या दोन वेळी मी बी-कॉम्प्लेक्स आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या वेळी मात्र आवाज चढवला. “आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही. बाहेर खरे आजारी लोक बसलेत!” ते काही बोलले नाहीत. टोपी सारखी केली, हात जोडले आणि गेले. आमचे कंपाउंडर वीस वर्षांचे जुने. ते आत आले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, त्यांचा थोरला दिवाळीत मोटरसायकलवर गेला. फाट्यावर ट्रकखाली.”

तीन वेळा मी त्या माणसाची नाडी पाहिली होती. घरी काय चाललंय, एवढे एक वाक्य विचारले नव्हते.

अमेरिकेत १९८४ मध्ये दोन संशोधकांनी पेशंट आणि डॉक्टर यांच्यातली बोलणी ध्वनिमुद्रित करून मोजली होती. पेशंट बोलायला लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडतो, असे त्यात निघाले. माझा त्या वेळचा आकडा त्याहून चांगला असेल असे मला वाटत नाही. त्याच सुमारास माझा स्वतःचा रक्तदाब वाढलेला सापडला. दिवसभर दुसऱ्यांना ‘टेन्शन घेऊ नका’ सांगणारा मी रात्री गोळी घेऊन झोपू लागलो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. पेशंट गेला की हात धुवायचे. धुताना पाण्याच्या स्पर्शाकडे लक्ष द्यायचे, एक श्वास सावकाश सोडायचा आणि मगच पुढच्यासाठी बेल वाजवायची. याला दहा-पंधरा सेकंद लागतात. सत्तर पेशंट धरले तरी दिवसाला बारा ते अठरा मिनिटे. कंपाउंडरनी सुरुवातीला कुरकुर केली, पण मधल्या काळात माझे ओरडणे कमी झाल्याने त्यांनीही ते मान्य केलेले दिसते. त्या एका श्वासात आधीच्या पेशंटचा वैताग तिथेच बेसिनमध्ये राहतो. नेहमी राहतो असे नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी तीननंतर मी अजूनही खेकसतो. आजोबांच्या घरी मी एका रविवारी गेलो. त्यांनी चहा दिला, मुलाचा फोटो दाखवला आणि तासभर बोलले. त्या दिवशी मी गोळी लिहिली नाही.

यालाच हल्ली समानुभूती म्हणतात. शब्द जड आहे. ‘त्याच्या जागी बसून बघणे’ एवढाच अर्थ. ती मुलांना शिकवता येते का, हा प्रश्न मला आमच्या ओळखीच्या एका प्राथमिक शिक्षिकेमुळे पडला. बाई घशाच्या तक्रारीसाठी येत. कारण उघड होते, पन्नास मुलांवर दिवसभर ओरडणे. मी त्यांना खिचडीच्या सुट्टीनंतर पाच मिनिटे मुलांबरोबर स्वतः गप्प बसून श्वास पाहायला सुचवले. त्यांनी त्यात स्वतःची भर घातली. मुलांना दोघादोघांनी पाठीला पाठ लावून बसवले आणि मागच्याचा श्वास आपल्या पाठीला कसा लागतो ते बघायला सांगितले. पहिले दोन दिवस नुसते खिदळणे. मग एकदा एक मुलगा हात वर करून म्हणाला, “बाई, हा रडून आलाय.” तो ज्याच्याबद्दल बोलला, त्याच्याशी त्याची रोज मारामारी असे. बाई म्हणाल्या, मारामारी काही थांबली नाही, पण आता रोज नसते.

आपल्या राज्याच्या शालेय शिक्षण विभागानेही ‘मित्र उपक्रम’ या नावाने आनापान शाळाशाळांत नेले होते, आणि दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आनंदाचा तास सुरू करून त्यात ध्यान घातले. कॅनडात टोरांटोला १९९६ पासून एक निराळाच प्रकार आहे. वर्गात सालभर अधूनमधून एक तान्हे बाळ त्याच्या आईसह येते आणि ते का रडले असेल, त्याला काय हवे असेल, हे मुले ओळखतात. आपल्याकडे धाकटे भावंड कडेवर घेऊन खेळायला जाणारी मुले हा अभ्यासक्रम फुकटात पुरा करत. आता घरात एकच मूल आणि त्याच्या हातात मोबाईल.

पण याचा फार गाजावाजाही नको. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर सजगतेच्या शिकवणीची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या वर्गांपेक्षा फरक पडला नाही. पुष्कळ मुले घरी सरावच करत नव्हती. शिक्षकांची दमणूक मात्र काही काळ कमी झालेली दिसली. मला यात आश्चर्य वाटले नाही. बाई छडी आपटत ‘डोळे मिटा, शांत व्हा’ म्हणत असतील तर मुले छडीच शिकणार. पसायदानही आपण शाळेत एका दमात संपवतोच की! म्हणून पालक-शिक्षकांना माझे सांगणे, आधी सहा महिने स्वतः करा. मुलांचे नंतर बघू.

कसे करायचे ते सांगतो. खुर्चीवर किंवा सतरंजीवर पाठ सरळ ठेवून बसा. जेवण होऊन दोन तास झालेले बरे. एक हात पोटावर ठेवा. नाकाने श्वास घेताना पोट पुढे यायला हवे. पुष्कळांचे उलटे होते, त्याची घाई नको. मनात चार आकडे मोजत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. हे सेकंदांच्या चालीने मोजले तर मिनिटाला सहा श्वास होतात. रोखून धरायचे नाही, जोर लावायचा नाही. चार-सहा जमत नसेल तर तीन-चार चालेल. पाच मिनिटे झाली की मोजणे सोडा आणि दोन मिनिटे नुसता श्वास बघत बसा. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकण्याआधी, अशा दोन वेळा. ही दुसरी वेळ पुरुषांनी चुकवू नये. दुकानातला राग बऱ्याचदा भाकरीच्या ताटावर निघतो.

आता सावधगिरीचे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या श्वासाच्या भरवशावर बंद करू नका. सावकाश श्वसनाने रक्तदाब काही अंकांनी उतरू शकतो, पण तो गोळीचा जोडीदार आहे, बदली कामगार नव्हे. माझीही गोळी चालू आहे. दम्याचा पंप सोडू नका. हृदयविकार, फिट्स, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी कपालभाती, भस्त्रिकेसारखे जोराचे प्रकार टीव्हीवर बघून करू नयेत. डोळे मिटून बसल्यावर कुणाला जुने भयंकर प्रसंग आठवून घाबरे होत असेल तर डोळे उघडे ठेवा, चालता चालता करा, आणि डॉक्टरांना सांगा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी लांब मुदतीच्या मौन शिबिरांना आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जाऊ नये. आणि चालताना धाप लागणे, छातीत दाब येऊन डाव्या हातात कळ जाणे, घाम फुटणे, हे ताणाचे असेल म्हणून श्वास मोजत घरी बसू नका. आधी ई.सी.जी. काढा.

पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील जुलाब-उलट्या आणि घरी करायचे मीठ-साखरेचे पाणी.