हातपंप दुरुस्त करणाऱ्या स्त्रिया: प्रौढांचे व्यवसाय शिक्षण आणि ओळख

प्रौढ व्यक्ती एखादा व्यवसाय शिकते तेव्हा तिला केवळ कौशल्य मिळते, की 'मी कोण' या प्रश्नाचे तिचे उत्तरही बदलते? उत्तर प्रदेशातील बांदा भागाच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने सुरू केलेल्या महिला समाख्या कार्यक्रमातून या भागात स्त्रियांचे गट तयार झाले. गटांपुढचा मोठा प्रश्न पाण्याचा होता. हातपंप बिघडला की मिस्त्रीची वाट पाहायची, आणि तोवर लांबून पाणी आणायचे ते बायकांनीच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्याच स्त्रियांना पंपदुरुस्तीचे प्रशिक्षण मिळाले. त्यांत दलित आणि कोल समाजातील, बहुतेक निरक्षर स्त्रिया होत्या.

पंपदुरुस्ती फळ्यावर शिकवता येत नाही. इंडिया मार्क-२ पंपाच्या सिलिंडरमधला वॉशर झिजला, तर जमिनीखालचे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढावे लागतात. आटे किती आवळायचे, हे हातालाच कळते. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये मांडलेला विचार इथे लागू पडतो: नवशिका आधी कडेची साधी कामे करतो, हळूहळू मुख्य कामात येतो आणि त्या ओघातच कारागीर बनतो. म्हणजे ओळख ही प्रशिक्षण संपल्यावर प्रमाणपत्रासोबत मिळणारी वस्तू नव्हे. जिच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले जाई, तीच आता पाना घेऊन पंप उघडत होती. हा बदल केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही.

पुढचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. दुरुस्तीच्या नोंदी ठेवायच्या, तर लिहिता आले पाहिजे. साक्षरतेची मागणी या कामातूनच पुढे आली. ('आधी साक्षरता, मग व्यवसाय' हा क्रम पाठ केलेल्यांनी इथे जरा थांबावे.) नवसाक्षर स्त्रियांच्या सहभागातून १९९३ मध्ये 'महिला डाकिया' हे पत्रक निघाले, २००२ मध्ये चित्रकूटहून 'खबर लहरिया' हे ग्रामीण स्त्रियांनी चालवलेले वृत्तपत्र सुरू झाले.

मात्र ओळख एकटीच्या मनात पक्की होत नाही, इतरांनीही ती मान्य करावी लागते. सुटे भाग कोण पुरवणार, मजुरी पंचायत देणार की सरकारी विभाग, हे प्रश्न प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात सहसा नसतात. मजुरी मिळाली नाही, तर मेकॅनिक पुन्हा 'मदत करणारी बाई' ठरते.

स्वाध्याय: तुमच्या परिसरात पस्तिशीनंतर नवा व्यवसाय शिकलेल्या एका व्यक्तीला भेटा. लोक त्यांना त्या व्यवसायाच्या नावाने कधीपासून ओळखू लागले, ते विचारून लिहा.