डब्लिनची एकखोली बिऱ्हाडे आणि क्षय
एके काळी सरदार-उमरावांचे वैभव मिरविणाऱ्या, पण पुढे भाड्याच्या चाळी होऊन बसलेल्या डब्लिनच्या उंच वाड्यांत, १९१४ च्या सरकारी चौकशी-अहवालानुसार, सुमारे २०,००० कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. आणि जेथे एकाच्या खोकल्यातील जंतू कोंडलेल्या हवेतून साऱ्यांच्या श्वासात उतरत व अर्धपोटी देहांना प्रतिकाराचे बळ नसे, तेथे क्षयाने ठाण मांडले यात नवल नव्हते. कर्ता पुरुष अंथरुणास खिळला की मजुरी थांबे, दारिद्र्य दुणावे. ज्यांचे आईबाप या रोगानेच हिरावले, ते डॉ. नोएल ब्राउन १९४८ मध्ये आयर्लंडचे आरोग्यमंत्री झाले, आणि शर्यतींच्या सोडतीतून रुग्णालयांसाठी जमलेला निधी त्यांनी आरोग्यधामांच्या खाटांसाठी सढळपणे खर्चिला. त्याच सुमारास क्षयावरील औषध स्ट्रेप्टोमायसिनही आले. मात्र क्षय ओसरल्याचे औषधाइतकेच श्रेय मी मोकळ्या हवेच्या घरांना देईन.