साठीनंतरची पहिली गोष्ट

पंचतंत्राच्या सुरुवातीला राजा अमरशक्तीसमोर उभा राहिलेला विष्णुशर्मा आपले वय लपवत नाही. ऐंशी वर्षे झाली, इंद्रियांची हौस फिटली, पैशाची इच्छा उरलेली नाही, असे तो रोखठोक सांगतो. मग तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात तयार करण्याची पैज घेतो आणि जमले नाही तर नाव बदलीन म्हणतो. ही सगळी चौकट कल्पित असेल, या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला की नाही यावर पंडित भांडोत. पण भारतातला सर्वांत दूर पोहोचलेला कथासंग्रह मुलांना सांगायला निवेदक निवडला तो ऐंशीचा. आपल्याकडे मात्र सेवानिवृत्त माणूस मुलांसाठी लिहायला बसला की घरचे म्हणतात, 'बरं झालं, वेळ जाईल.' मोठ्यांची कादंबरी लिहिली तर साहित्यसेवा आणि मुलांची गोष्ट लिहिली तर वेळ घालवणे, ही विभागणी मराठीत फार जुनी आहे. तिचा फटका सगळ्यांत जास्त बालसाहित्यालाच बसला.

वास्तविक मराठी बालसाहित्याचा इतिहास दुसऱ्या कामांतून इकडे आलेल्या प्रौढांनीच घडवला आहे. विनायक कोंडदेव ओक शिक्षण खात्यात होते. त्यांनी 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये सुरू केले तेव्हा ते एक्केचाळीस वर्षांचे होते. त्या काळाच्या हिशेबाने हे वय तरुण नव्हते. मासिकातला बहुतेक मजकूर ते स्वतः लिहीत आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालवले. भा. रा. भागवतांना उशिरा आलेले म्हणता येणार नाही, कारण 'बालमित्र' त्यांनी आधीच काढला होता. पण त्यांचा बालनायक, फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकलवर टांग मारून आला तो त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर. इतका धावरा, उचापती पोरगा लिहिणारा हात पन्नाशीपलीकडचा होता, हे वाचताना कुणाच्या लक्षातही येत नाही.

बंगालीत सत्यजित राय यांनी आजोबांनी सुरू केलेले 'संदेश' मासिक १९६१ मध्ये पुन्हा काढले, ते चाळिशीत. अंक भरायचा म्हणून लिहू लागले आणि प्रोफेसर शोंकू, पुढे फेलूदा ही पात्रे जन्मली. अमेरिकेतल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचे पहिले पुस्तक १९३२ मध्ये आले तेव्हा त्या पासष्ट वर्षांच्या होत्या. त्याआधी त्या शेती सांभाळत आणि शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात स्तंभ लिहीत. त्यांच्या पुस्तकांत लोणी कसे काढतात, मांस धुरावर कसे टिकवतात, हे इतके नेमके येते की मूल ते गोष्टीइतक्याच ओढीने वाचते.

साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. त्याची मराठी यादी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. पहिला मान अनिल अवचटांच्या 'सृष्टीत गोष्टीत'ला, पुढच्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. दोघेही १९४४ चे, म्हणजे साठी कधीच मागे टाकलेले. एक डॉक्टर आणि हमाल, विडी कामगार, दुष्काळी गावे यांवर लिहिणारा पत्रकार, दुसरा नट. २०१७ चे ल. म. कडू चित्रकार आणि प्रकाशक. २०१९ चे सलीम सरदार मुल्ला वनखात्यातले. २०२२ च्या संगीता बर्वे डॉक्टर. २०२४ चे भारत सासणे यांनी प्रशासकीय सेवेत हयात घालवली आणि मोठ्यांच्या गूढ, दाट कथांसाठी नाव कमावले. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांना पुरस्कार मिळाला तो 'समशेर आणि भूतबंगला' या मुलांच्या पुस्तकाला. पुरस्काराचे वय म्हणजे सुरुवातीचे वय नव्हे, हे खरे. यांतले कितीतरी जण आधीपासून मुलांसाठी लिहीत होते. तरी यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: लिहिणाऱ्याकडे लेखनाबाहेरचे एक पूर्ण आयुष्य आहे आणि ते पुस्तकात उतरले आहे. कडूंच्या 'खारीच्या वाटा'मधले धरणाखाली जाणारे गाव ग्रंथालयात बसून सुचलेले नाही.

२०१४ च्या मानकरी माधुरी पुरंदरे यांच्याजवळ थोडे थांबायला हवे, कारण उशिरा येणाऱ्याने शिकावे असे त्यांच्याकडे सर्वांत जास्त आहे. चित्रकलेचे शिक्षण, रंगभूमी, गाणे, फ्रेंचचे अध्यापन, अनुवाद, पिकासोचे चरित्र, अशा किती वाटा त्यांनी चालून पाहिल्या. 'वाचू आनंदे'चे भाग आले तेव्हा त्या पन्नाशीच्या जवळ होत्या. 'राधाचं घर' किंवा 'यश'च्या गोष्टी उघडून पाहा. घटना जवळजवळ काहीच नाही. घरातली माणसे, त्यांच्या सवयी, एखादी रुसाफुगी. पण लहान मूल बोलते तसे वाक्य आणि चित्रात मजकुरापेक्षा थोडे अधिक काहीतरी. मोठा माणूस या पुस्तकात कुठेही बोट उगारत नाही. हे साधायला लेखकाने आयुष्यभर शिकलेल्या पाचपन्नास गोष्टी गिळून टाकाव्या लागतात.

नेमके इथेच आपले बहुसंख्य निवृत्त लेखक अडतात. त्यांतले पुष्कळ जण शिक्षक असतात. छत्तीस-छत्तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले. खडू सुटतो, फळा सुटत नाही. 'सोनू आळशी होता' इथून गोष्ट निघते आणि दीड पानात सोनू पहाटे उठून झाडांना पाणी घालू लागतो. मग आजोबा, गुरुजी किंवा स्वप्नात आलेले झाड त्याला उपदेश करते. अशा बालकथासंग्रहांची पाने मी दरवर्षी चाळतो आणि सुधारलेल्या सोनूंची संख्या पाहून थक्क होतो. विष्णुशर्म्याच्या गोष्टीत कोल्हे फसवतात, मित्र मित्राचा घात करतो, सिंह विहिरीत पडून मरतो. नीती शिकवायचा विडा उचललेला तो म्हातारा आपल्या आजच्या सज्जन कथाकारांपेक्षा कितीतरी धीट होता.

दुसरी खोड आठवणींची. 'आमच्या वेळी' हा शब्दप्रयोग मुलांच्या गोष्टीतून हद्दपार करावा अशा मताचा मी आहे. स्वतःचे बालपण हे कच्चा माल म्हणून उत्तम, पण त्याचा हेवा वाटायला लावणारी गोष्ट मुलाला परकी करते. मोबाईल वाईट, विटीदांडू चांगला, एवढे सांगायला दहा पाने कशाला?

आता हे सगळे ज्या निवृत्त शिक्षकांना सांगायचे आहे, त्यांच्या वाशिमकडे येतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे विकासाच्या मोजपट्टीवर मागे. पण शिक्षकाने लेखक होण्याची परंपरा इथे ठसठशीत आहे. शिरपूर जैनचे नामदेव कांबळे शिक्षक. त्यांच्या 'राघववेळ'ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये पद्मश्री. 'हाल्या हाल्या दुधू दे' लिहिणारे बाबाराव मुसळेही शिक्षकच. म्हणजे गावच्या जगण्यावर कसदार मराठी कादंबरी या जिल्ह्याने दिली. त्याच तोडीचे मुलांचे पुस्तक अजून यायचे आहे, आणि ते आणू शकतील अशी माणसे दरवर्षी अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळांतून घरी परततात.

सामग्रीची ददात नाही. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा राजा असून कवी होता. त्याचे 'हरिविजय' हे प्राकृत काव्य हरवले आणि जुन्या साहित्यशास्त्रकारांच्या उल्लेखांतून तेवढे उरले. राजाचे पुस्तक हरवले, यापेक्षा चांगली रहस्यकथेची सुरुवात दहा वर्षांच्या मुलाला कोणती हवी? इथे सापडलेल्या वाकाटक ताम्रपटाची भाषा अर्धी संस्कृत, अर्धी प्राकृत. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली.

कारंज्यावरून जाणारी यवतमाळ–मूर्तिजापूर 'शकुंतला' ही तर आयती नायिका. अरुंद रूळ, मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबलेले, आणि मोजकेच कर्मचारी तिकिटापासून सिग्नलपर्यंत सगळे पाहणारे. ती आता बंद आहे. तिच्यातून प्रवास केलेले आजी-आजोबा अजून गावोगाव आहेत, पण तिच्यावर धमाल चित्रपुस्तक लिहायचे कुणाच्या मनात आलेले दिसत नाही. कारंजा–सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. शेतात शिरणाऱ्या काळविटाकडे शेतकरी एका नजरेने पाहतो आणि त्याची पोरगी दुसऱ्या. गोष्ट त्या दोन नजरांच्या मधे आहे.

मानोरा तालुक्यात पोहरादेवीच्या आसपास बंजाऱ्यांचे तांडे आहेत. तिथले मूल घरी गोरमाटी बोलते आणि पहिलीत येऊन छापील मराठी ऐकते. ज्या गुरुजींनी तीस वर्षे अशा मुलांना अक्षरे शिकवली, त्यांना हा पल्ला ठाऊक आहे तितका पुण्या-मुंबईच्या कुठल्या लेखकाला असणार? तरी हेच गुरुजी लिहायला बसले की त्यांचा नायक 'आई, मला दूध दे ना गं' असे सदाशिव पेठी बोलू लागतो. वऱ्हाडातले पोट्टे 'मंग काय झालं, आबा?' असे विचारते. संवाद वऱ्हाडी ठेवा, निवेदन साधे ठेवा. पऱ्हाटी, बंडी, भुलाबाईची गाणी, हे शब्द तळटीप न देता येऊ द्या. मुले अर्थ संदर्भाने लावतात.

छपाईची बाजू मात्र कष्टाची आहे. पदरचे पैसे घालून पुस्तक छापणे, प्रकाशन सोहळा, पाहुण्यांना नारळ-शाल आणि उरलेल्या प्रती पलंगाखाली, हा प्रवास कितीतरी जणांचा होतो. त्यात संपादक नसतो आणि चित्रकार शेवटी, पैसे उरले तर येतो. लहान मुलांचे पुस्तक असे होत नाही. ते सोळा-चोवीस पानांत बसवावे लागते, कोणते वाक्य कोणत्या पानावर हे ठरवावे लागते आणि जे चित्र सांगेल ते मजकुरातून गाळावे लागते. नवख्या वाचकासाठी जोडाक्षरेसुद्धा जपून वापरावी लागतात. म्हणून पहिल्याच झटक्यात पुस्तकाच्या मागे लागू नये. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. आधी ते वाचावेत. 'साधना'चा बालकुमार दिवाळी अंक आहे, 'वयम्' आहे. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात. ठरलेली चित्रे आणि मोजके शब्द एकमेकांना कसे सांभाळतात, हे तिथे दिसते.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा इथल्या निवृत्त गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती. पहिली गोष्ट लिहून झाली की मित्रांना किंवा साहित्य मंडळाला दाखवू नका, ते कौतुकच करतील. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत परवानगी काढून दुसरीच्या वर्गात ती मोठ्याने वाचा. पोरे ज्या परिच्छेदाला चुळबुळ करतील तो तिथेच खोडा, मग तो तुम्हाला कितीही आवडता असो. राहील तेवढी गोष्ट 'किशोर'ला पाठवा.