कथानकाची कोंडी

कादंबरीकाराची लेखणी अडली की तो बहुधा स्वतःच्या प्रतिभेस दोष देतो. परंतु अडचणीचे मूळ पुष्कळदा कथानकाच्या रचनेतच असते. मार्क ट्वेनने 'हकलबेरी फिन' ही कादंबरी १८७६ मध्ये आरंभिली आणि त्याच वर्षी हस्तलिखित कदाचित जाळूनही टाकू, असे मित्रास कळविले. पळालेल्या गुलाम जिमची मुक्ती ओहायो नदीच्या वाटेवर होती. लेखकाच्या परिचयाची मिसिसिपी मात्र तराफ्यास दक्षिणेकडे, गुलामगिरीच्याच मुलखात नेत होती. अधूनमधून हाती घेऊनही लेखन अपुरेच राहिले. १८८२ मध्ये ट्वेनने त्या नदीचा पुन्हा प्रवास केला. १८८३ मध्ये कादंबरी पूर्णत्वास गेली. तेव्हा अशा विरामास प्रतिभेचे वंध्यत्व म्हणणे युक्त नव्हे. कथेने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर लेखकास अद्याप गवसलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.