सांडपाण्यासाठी धानाच्या तुसाचा कोळसा

भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर हे धानाचे जिल्हे होत. धानाच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग तूस असतो. याच भागात हत्तीरोगही आढळतो, व त्याचा प्रसार करणारा क्यूलेक्स डास घाण पाण्यात अंडी घालतो. मोरीचे पाणी परसात आठ-दहा दिवस साचले तरी डासांची एक पिढी तयार होते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान ठरविले. त्या हिशेबाने पाच माणसांच्या घरी येणाऱ्या २७५ लिटरांपैकी बराचसा भाग अखेर मोरीतूनच बाहेर पडतो; नळ बसविताना ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

तूस जसेच्या तसे फारसे उपयोगी पडत नाही. अपुऱ्या हवेत जाळल्यास त्याचा काळा कोळसा होतो. या कोळशाच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागास पाण्यातील रंग, दुर्गंधी व सेंद्रिय द्रव्ये चिकटून राहतात. यास अधिशोषण म्हणतात. जळण अधिक झाले तर मात्र पांढरट राख उरते. ती बहुतांशी सिलिका होय, आणि कोळशाचे काम तिच्याकडून होत नाही. म्हणून तूस काळे पडताच पाणी शिंपडून विझवावे व वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावे.

खरकट्याचे तेलकट पाणी थेट कोळशावर सोडले की छिद्रे बुजतात व सारी मेहनत फुकट जाते. त्याआधी तणसाने भरलेले लहान टाके असावे व तणीस दर आठवड्यास बदलावी. दुसऱ्या टाक्यात तळाशी खडी, तीवर ३० सेंटिमीटर कोळसा व सर्वांत वर वाळू घालावी. दोन्ही टाक्यांस घट्ट झाकण हवे, नाहीतर डास तेथेच वाढतील. शौचालयाचे पाणी यात मुळीच सोडू नये. बाहेर येणाऱ्या पाण्यास पुन्हा वास येऊ लागला की कोळसा बदलावा; जुना कंपोस्ट खड्ड्यात टाकावा.

हा कोळसा रोगजंतूंचा नाश करीत नाही, विरघळलेले क्षारही अडवीत नाही. हे पाणी पिण्यास व कच्च्या खाण्याच्या भाज्यांस वर्ज्य समजावे. केळी, शेवगा यांच्या आळ्यांत ते सोडण्यास हरकत नाही. धुण्याचा सोडा वापरणाऱ्या घरी मात्र अधिक जपावे लागते. त्यातील सोडियम चिकण जमिनीत साठून माती कडक होते व पाणी मुरेनासे होते. अशा ठिकाणी कार्यकर्त्यांनी आळी आलटून पालटून वापरण्यास सांगावे, आणि मातीवर पांढरा थर दिसताच तेथे पाणी देणे थांबवावे.